जुनी जॅझ, जुनी बलेनो की कोरी वॅगन-आर? सहा लाखांच्या गाडीबद्दल कराडच्या एका सरांना उत्तर

सर, तुमचा प्रश्न सगळ्यांना कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. कराड ते उंब्रज शाळेला रोज ये-जा, सुट्टीची फिरती धरून वर्षाला साधारण पंधरा हजार किलोमीटर. घरात चार माणसं. वडिलांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय आणि घडीची व्हीलचेअर बरोबर न्यावी लागते. बजेट सगळं धरून सहा लाख. समोर तीन गाड्या आहेत. पुण्यातली २०१८ ची होंडा जॅझ, पेट्रोल सीव्हीटी (म्हणजे ऑटोमॅटिक गिअरची), बावन्न हजार चाललेली, मागणी पावणेसहा लाख. कराडातलीच २०१९ ची मॅन्युअल बलेनो, मागणी साडेपाच. आणि शोरूममधली कोरी वॅगन-आर. शेवटी तुम्ही विचारलंय, "यात ॲव्हरेज कुणाचं चांगलं?"

ॲव्हरेज वॅगन-आरचंच चांगलं, यात वाद नाही. पण तेवढ्यावर गाडी ठरवू नका. ॲव्हरेजचा फरक रुपयांत मांडा, आणि त्या रुपयांच्या बदल्यात घरातल्या माणसांना काय मिळतंय ते बघा.

कंपनीचा आकडा गाडी रस्त्यावर चालवून काढलेला नसतो. ती रोलरवर, ठरलेल्या चालीने, एसी बंद ठेवून चालवतात, आणि त्या चाचणीत वेग ताशी ९० च्या वर जातच नाही. म्हणून जॅझ सीव्हीटीचा छापील आकडा १९ असला, तरी प्रत्यक्षात गावात बारा-तेरा आणि हायवेला सोळा-सतरा मिळतात. तुमच्या वापराला पंधरा धरा. त्या बलेनोला अठरा धरा. ती जॅझपेक्षा शंभरेक किलोने तरी हलकी आहे आणि थोडा फरक तिथूनही येतो. एक लिटर इंजिनाच्या वॅगन-आरला एकोणीस-वीस. हायवेच्या सहापदरीकरणाच्या कामामुळे सर्व्हिस रोडवर थांबत-थांबत जावं लागतं, ते यात धरलंय.

पेट्रोल १०५ रुपये धरलं तर वर्षाच्या पंधरा हजार किलोमीटरला जॅझला एक लाख पाच हजार लागतील, बलेनोला साडेसत्त्याऐंशी हजार आणि वॅगन-आरला ऐंशी हजारांच्या आसपास. म्हणजे जॅझ आणि वॅगन-आरमध्ये वर्षाला पंचवीस हजार, महिन्याला दोन हजारांचा फरक. पाच वर्षं गाडी ठेवलीत तर सव्वा लाख. रक्कम छोटी नाही. पण "एक चोवीसचं देते आणि एक एकोणीसचं" असं ऐकून माणूस जेवढा घाबरतो, तेवढा हा फरक भयंकरही नाही.

पेट्रोलबद्दल अजून एक. पंपावर आता सगळीकडे ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरतंच, आणि ते तिन्ही गाड्यांचं उतरणार. जुन्या गाडीत रबरी नळ्या आणि सील टिकतील का ही वेगळी काळजी असते. होंडाने २००९ पासूनच्या आपल्या गाड्यांचे भाग ई२० ला चालतात असं जाहीर केलंय, त्यामुळे जॅझपुरती ती काळजी सोडा.

आता वडिलांकडे येतो, कारण तुमच्या घरात गाडी खरी त्यांच्यासाठी घ्यायची आहे.

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला खाली वाकून बसायच्या गाडीत त्रास होतो. सीट अशी हवी की उभ्या माणसाने नुसतं मागे टेकलं की बूड सीटवर आलं पाहिजे, आणि पाय आत घेताना दाराच्या उंबऱ्याला चप्पल अडकता कामा नये. यात वॅगन-आर सगळ्यांत सोपी. उंच गाडी, सरळ दार, डोकं वाकवायला लागत नाही. जॅझ तिच्याखालोखाल. बलेनो या तिघांत सगळ्यांत खाली बसलेली आहे. पण हे माझ्या सांगण्यावर ठरवू नका. वडिलांना शोरूममध्ये घेऊन जा, पुढच्या सीटवर स्वतःचं स्वतः बसायला आणि उतरायला लावा, एकदा नाही, तीन-चार वेळा. तिसऱ्या वेळी ते दाराचा वरचा भाग धरून स्वतःला ओढून काढायला लागले, तर ती गाडी त्यांच्यासाठी नाही.

व्हीलचेअरसाठी मात्र जॅझची रचना वेगळी आहे. बहुतेक हॅचबॅकमध्ये पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते. जॅझमध्ये ती पुढच्या सीटखाली आहे. त्यामुळे मागे जमीन सपाट आणि खोल मिळते, डिक्कीही ३५४ लिटरची. ज्या जॅझमध्ये मॅजिक सीट आहे, तिच्यात मागच्या सीटची बैठक थिएटरमधल्या खुर्चीसारखी वर उचलून उभी करता येते. सीट ६०:४० विभागलेली असल्याने एका बाजूला घडी घातलेली व्हीलचेअर उभीच्या उभी ठेवायची आणि दुसऱ्या बाजूला मुलीला बसवायचं. डिक्की मोकळी राहते. व्हीलचेअर डिक्कीच्या कठड्यावरून उचलून आत टाकताना कंबर कशी भरून येते, ते रोज करणाऱ्यालाच माहीत.

पण इथेच तुम्ही फसू शकता. मॅजिक सीट २०१५ साली आलेल्या जॅझच्या वरच्या मॉडेलमध्ये होती. जुलै २०१८ मध्ये गाडीत बदल केले तेव्हा कंपनीने ती काढून टाकली. तुमची गाडी नेमकी २०१८ ची आहे. जाहिरातीत "मॅजिक सीट" लिहिलेलं असलं तरी मागची बैठक स्वतः हाताने उचलून बघा. उचलली गेली नाही, तर जॅझ घ्यायचं निम्मं कारण तिथेच संपलं.

सुरक्षेचं सांगतो. जॅझला २०२२ साली ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत प्रौढांसाठी पाचपैकी चार स्टार मिळाले. वॅगन-आरला त्याच संस्थेच्या २०२३ च्या चाचणीत एकच स्टार मिळाला आणि तिचा सांगाडा अस्थिर ठरला. वॅगन-आरमध्ये आता सहा एअरबॅग येतात ही चांगली गोष्ट आहे, पण एअरबॅग वाढल्याने सांगाडा बदलत नाही. रोज ट्रक आणि कंटेनरच्या मधून हायवेने जाणाऱ्या माणसाने याचं वजन धरावं असं मला मनापासून वाटतं.

"जॅझ तर बंद झाली, पार्ट मिळतील का?" हा पुढचा प्रश्न येणारच. २०२३ मध्ये बंद झाली हे खरं. पण तिचं १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आजच्या अमेझमध्येही आहे, त्यामुळे फिल्टर, प्लग, माउंटिंग, पंप यांची चिंता नाही. सस्पेन्शनचे भाग सहज मिळतात. अडचण येते ती बॉडीच्या सामानाची. हेडलाइट, टेललाइट, बंपर, बोनेट महाग आहेत आणि कधी कधी थांबावं लागतं. त्यामुळे ठोकलेली जॅझ स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

तर पुण्याची ती गाडी बघायला गेलात की काय काय बघायचं.

आदल्या दिवशी मालकाला सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर का चालू केली ते विचारा. थंड इंजिनचा पहिला आवाज खूप काही सांगतो. पहिल्या दोन-चार सेकंदांत खडखड आवाज येऊन तो थांबला तर ऑइल वेळेवर बदललेलं नसण्याचा संशय घ्या. या इंजिनाचे टॅपेट ठरावीक किलोमीटरनंतर तपासून सेट करावे लागतात. गरम झाल्यावरही बारीक टकटक राहिली तर ते काम कुणी केलेलंच नाही. ते काही मोठं खर्चाचं नाही, पण मालकाने गाडीकडे कसं पाहिलंय ते त्यातून कळतं.

मोठा खर्च आहे तो सीव्हीटी गिअरबॉक्सचा. तो गेला तर बिल लाखाच्या वर जातं. म्हणून त्याच्यावर वेळ घालवा. सर्व्हिसच्या बिलांमध्ये सीव्हीटी ऑइल बदलल्याची नोंद शोधा. चाळीस हजारांच्या आसपास ते बदललेलं असावं, आणि होंडाचं ठरलेलंच ऑइल असावं, दुसरं कुठलं चालत नाही. मग गाडी कात्रजच्या जुन्या घाटात घ्या. चढावर पूर्ण थांबा, ब्रेक सोडा, हळूच ॲक्सिलरेटर द्या. गाडी सलग निघाली पाहिजे. वीस ते चाळीसच्या वेगात थरथर जाणवली, कंबरेला हलके धक्के बसले, तर तिथूनच परत फिरा. सपाटीवर येऊन डी (पुढे) मधून आर (रिव्हर्स) मध्ये टाका; गिअर लागायला एखाद्या सेकंदापेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. चढावर जोर दिला की इंजिन ओरडतं आणि गाडी मागाहून वेग घेते, हा मात्र या गिअरबॉक्सचा स्वभाव आहे, तो बिघाड समजू नका.

आता पाण्याची गोष्ट. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला आणि सहकारनगर, कात्रज भागातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा महापूर, चिपळूणचा जुलै २०२१ चा. त्या गाड्या कुठे गेल्या? धुऊन, सीटकव्हर घालून बाजारातच आल्या. २०१८ ची पुण्याची गाडी म्हटल्यावर ती शंका धरूनच बघायची. प्रत्येक सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग कुणीही धुतो, गुंडाळीच्या आतला शेवटचा वीतभर पट्टा कुणी धूत नाही. तिथे मातकट रेघ दिसली की पाणी कुठवर आलं होतं ते समजलं. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून तिच्या रुळाचे बोल्ट बघा, गंज आहे का. स्टेपनी काढून खालच्या खळग्यात हात फिरवा. कार्पेटचा कोपरा उचलून वास घ्या. बुडालेली गाडी सहा महिने नीट चालते, मग एकेक वायरिंग, सेन्सर, कंट्रोल युनिट त्रास द्यायला लागतं, आणि त्याला अंत नसतो.

ठोकलेली गाडी ओळखायला रंग बघत बसू नका, आजकाल रंग फार छान मारतात. बोनेट आणि फेंडरचे बोल्ट बघा. पाना लागलेला असेल तर बोल्टच्या कडांचा रंग उडालेला दिसतो. दाराची रबरी बीडिंग थोडी ओढून आतल्या कडेवरचे स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके बघा, ते एकसारख्या अंतरावर असले पाहिजेत. काचांवरचे छापील मार्क एकमेकांशी जुळतात का बघा. आणि विम्याचा कागद मागा. क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट पहिल्या वर्षी २० टक्क्यांनी सुरू होते आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांवर पोचते. २०१८ ची गाडी, मालक म्हणतोय "कधी धक्कासुद्धा लागला नाही", आणि पॉलिसीवर सूट २० टक्के? मग गेल्या एक-दोन वर्षांत क्लेम कशाचा केला, ते विचारायला लागेल.

बावन्न हजार खरे की खोटे, हे मीटर सांगत नाही. मालकाला बरोबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जा, तिथे प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि किलोमीटर नोंदलेले असतात. टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गाडीबरोबरचे मूळ टायर असतील तर बावन्न हजारांना ते झिजत आलेले असणार आणि वयानेही संपलेले. चार टायरचे पैसे किमतीतून कमी करायचे. त्याच सेंटरमध्ये चेसिस नंबरवरून रिकॉलही विचारून घ्या. फ्युएल पंप बदलून देण्यासाठी होंडाने काही गाड्या परत बोलावल्या होत्या, त्यात जॅझही होती. राहिलं असेल तर फुकट बदलून देतात.

शेवटी रॅम्पवर चढवून खालून बघा. लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकअबमधून गळणारं ऑइल. ही झीज सात-आठ वर्षांच्या गाडीत असतेच. तिच्यासाठी गाडी नाकारू नका, पैसे कमी करा.

बलेनोबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण चांगली गाडी आहे आणि तिचं सामान अगदी मलकापुरातल्या दुकानातही मिळतं. क्लच बघा, पॉवर विंडो बघा, वरची सगळी तपासणी तिलाही लावा. कराडचीच असल्याने ती कुठे उभी असायची, कोण चालवायचं, हे चार लोकांना विचारून कळेल. हा तिचा मोठा फायदा. फक्त वडिलांना ती बसायला फार खाली होईल असं मला वाटतं.

वॅगन-आरबद्दल. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २९ टक्क्यांवरून १८ वर आला, त्यामुळे सुरुवातीचं मॉडेल शोरूमला पाच लाखांच्या आसपास आहे. त्यावर आपल्या राज्याचा ११ टक्के रोड टॅक्स आणि विमा धरला की सहा लाखांत जेमतेम बसते. नवी गाडी, वॉरंटी, पंधरा वर्षांचं पासिंग. कुणी सीएनजीचा आग्रह करेल. पंधरा हजार किलोमीटरला गॅसचा खर्च पन्नास हजारांच्या आसपास येतो, हा मोह मोठा आहे. पण सिलिंडर डिक्कीत बसतो आणि तुमची व्हीलचेअर बाहेर राहते. तुमच्यासाठी तो विषय नाही.

माझं मत असं. जॅझमध्ये मॅजिक सीट असेल, गिअरबॉक्स घाटात नीट चालला आणि पाण्याची, धडकेची खूण नसेल, तर तुमच्या घरासाठी मी जॅझ घेईन. पण पावणेसहाला नाही. करकपातीनंतर नवी गाडी एवढी स्वस्त झालेली असताना, बंद पडलेल्या मॉडेलची सात वर्षांची गाडी त्या भावाने कुणी घेऊ नये. पावणेपाचपासून बोला, पाचपर्यंत थांबा. मालकाला हेच कारण शांतपणे सांगा, त्यालाही ते माहीत आहे. उरलेल्या लाखातले पन्नास-साठ हजार टायर, बॅटरी, सीव्हीटी ऑइल, ब्रेक पॅड आणि बुशला ठेवा. मालक पाचपर्यंत येत नसेल किंवा मॅजिक सीट नसेल, तर वॅगन-आर. आणि तुमचं फिरणं वर्षाला वीस-बावीस हजारांवर जाणार असेल तर जॅझचा विचारच करू नका, पेट्रोलचा फरक तुम्हाला जाचेल.

कागदांचं एवढंच. गाडी एमएच-१२ ची, तुमचं पासिंग एमएच-५०, म्हणजे पुण्याच्या आरटीओची एनओसी लागते का ते आधी विचारून घ्या. नंबर तोच राहतो आणि राज्यातल्या राज्यात टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही. कर्जाची गाडी असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवायला लावा, मग मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. ई-चलन सगळी भरून घ्या. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी आहे, तेव्हा नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का बघा, नाहीतर ट्रान्सफर अडतं. विमा चौदा दिवसांच्या आत तुमच्या नावावर करायचा; क्लेम न केल्याची सूट मालकाची असते, ती गाडीबरोबर येत नाही, म्हणून फरकाचे पैसे भरावे लागतील. आणि पैसे बँकेतूनच द्या, टोकनसुद्धा.

मालक घाटात न्यायला किंवा रॅम्पवर चढवायला तयार नसेल तर टोकन देऊ नका आणि बलेनो बघायला या. ती कराडातच आहे, मी स्वतः तुमच्याबरोबर येऊन तपासून देईन.